चुलत्याचे पिंड नव्हे, चुलत्याचे चरित्र



धम्माचा नव्याने स्वीकार केलेल्या घरांपुढे एक प्रश्न हटकून येतो, आणि तो नेमका अशा घटकेस येतो की, त्या वेळी शांतपणे विचार करावयास कोणासही उसंत नसते. घरातला वडीलधारा माणूस डोळे मिटतो. आपल्या उपनगरांत हा माणूस पुष्कळदा बाप नसतो, चुलता असतो. बाप गावी राहिला, चुलता मुंबईस आला, त्याने घाटकोपरास, भांडुपास, मुलुंडास एक खोली धरली आणि मग त्या दहा बाय दहाच्या खोलीत एकेक पुतण्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी येऊन पथारी टाकू लागला, हा आपल्यापैकी कितीतरी घरांचा इतिहास आहे. तो चुलता गेला, म्हणजे खोलीतली जागा मोकळी होते एवढेच नव्हे. ज्या उंबऱ्यावरून आपण या शहरात पाऊल टाकले तो उंबराच नाहीसा होतो.

मग गावाहून नातेवाईक येतात. त्यांच्यापैकी काहींनी दीक्षा घेतलेली असते, काहींनी नसते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी हळूच विषय काढतो : दहाव्याला कावळा शिवावयास नको काय? पिंड ठेवले नाही तर गेलेल्याचा जीव अडकून राहील, त्याचे काय? आणि दु:खाने खचलेला पुतण्या म्हणतो, "जाऊ द्या, म्हाताऱ्यांच्या समाधानासाठी एवढे करून टाकू."

या 'करून टाकू'विषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष न करण्याविषयी व पिंडदान न करण्याविषयी आहे, हे तुम्हांस ठाऊक आहेच. परंतु या प्रतिज्ञेचा अर्थ 'मेलेल्यास विसरा' असा कोणी लावीत असेल, तर तो तिचा विपर्यास होय. कित्येक घरांत मी पाहिले आहे की, जुना विधी टाकला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. भिक्खू आले, त्रिशरण-पंचशील झाले, पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोन माणसांनी भाषणे केली, पंगत उठली, आणि पंधरा दिवसांत चुलता भिंतीवरच्या तसबिरीपुरता उरला. अशी पोकळी राहिली की कावळा पुन्हा घरात शिरतो. दोष कावळ्याचा नव्हे.

दु:ख करणे धम्माच्या विरुद्ध आहे, अशीही एक चुकीची समजूत नव्या घरांत पसरलेली दिसते. कुशिनगर येथे तथागतांचे महापरिनिर्वाण जवळ आले, तेव्हा आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडत उभा राहिला, असे महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे. आनंद हा भगवंतांचा चुलतभाऊच. तथागतांनी त्यास जवळ बोलावून घेतले. जे जन्मले ते नष्ट होणारच, हे त्यांनी त्यास समजावले खरे. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. या आनंदाने इतकी वर्षे कायेने, वाचेने, मनाने माझी किती सेवा केली, हे त्यांनी त्याला सांगितले, आणि मग भिक्खूंसमोर त्याच्या गुणांचे वर्णन केले. जाणारा माणूस राहणाऱ्याच्या उपकारांची मोजदाद करून जात होता. आपण राहणाऱ्यांनी तेच उलट दिशेने करावयाचे आहे, इतकेच.

बाबासाहेबांचे स्वत:चे घर पाहा. त्यांचे थोरले बंधू आनंदराव वारले. त्यानंतर वहिनी व पुतण्या मुकुंद यांचा भार बाबासाहेबांनी उचलला. म्हणजे ज्यांना आपण सर्व 'बाबा' म्हणतो, ते एका मुलाचे चुलतेही होते. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या, तेव्हा हा वज्रासारखा पुरुष किती कोसळला, ते त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. परंतु रमाईंचे खरे स्मारक त्यांनी केव्हा केले? पाच वर्षांनी. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्या अर्पणपत्रिकेत तिचे गुण व तिने सोसलेले दिवस नोंदवले. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली जोतीराव फुल्यांस, आणि अस्पृश्यतेच्या मुळाविषयीचा ग्रंथ १९४८ साली नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस त्यांनी अर्पण केला. पिंडाच्या जागी काय ठेवावयाचे, याचे उत्तर त्यांनी प्रतिज्ञा देण्यापूर्वीच आपल्या कृतीने देऊन ठेवले होते. पिंडाच्या जागी त्यांनी लेख ठेवला.

तुम्ही म्हणाल, ते बाबासाहेब होते. आम्ही ग्रंथ कोठून लिहिणार? म्हणून तुमच्याआमच्या घराजवळचे उदाहरण सांगतो.

घाटकोपरच्या चिरागनगरात, पत्र्याच्या झोपड्यांच्या गर्दीत, अण्णाभाऊ साठे पुष्कळ वर्षे राहिले. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात जन्मलेला हा मुलगा शाळेत जेमतेम दीड दिवस गेला होता. घरच्यांबरोबर तो पायी चालत मुंबईस आला, मिळेल ते काम करीत अक्षरे शिकला, आणि पुढे अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाचा शाहीर झाला. तो बौद्ध झाला नव्हता, आणि त्याच्या पक्षाशी बाबासाहेबांचे पटत नव्हते, हेही सांगितले पाहिजे; आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या चरित्रात फेरफार करणे बरे नव्हे. या चिरागनगरच्या मुक्कामातच १९५९ साली त्याची 'फकीरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला.

हा फकीरा कोण? वाटेगावचा फकीरा राणोजी मांग. आईकडून तो अण्णाभाऊंचा मामा लागत असे, असे सांगतात. इंग्रज सरकारच्या लेखी तो दरोडेखोर होता. १८७१ साली इंग्रजांनी असा कायदा केला की, काही जमाती जन्मत:च गुन्हेगार ठरल्या. माणसाने काहीही केलेले नसो, त्याने पोलीस पाटलापुढे हजेरी दिलीच पाहिजे. तो कायदा देशातून कायमचा उठावयास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. 'फकीरा'त या हजेरीचा जाच आहे, दुष्काळात तडफडणारी माणसे आहेत आणि त्यांच्या पोटासाठी धान्य लुटणारा फकीरा आहे. सरकारी दप्तरात त्याची एक ओळ असेल, आणि ती ओळ त्याला चोर म्हणत असेल. नात्यातल्या एका माणसाने, ज्याच्या घरात धड खुर्ची-टेबल नव्हते, लेखणी हाती घेतली आणि ती ओळ खोडून काढली. आज फकीऱ्याचे नाव घेतल्यावर कोणाच्या मनात चोर येतो?

आणि त्याने ते पुस्तक कोणास अर्पण केले? बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस. बाबासाहेबांच्या पुतळ्यास नव्हे, फोटोस नव्हे, लेखणीस. घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या माणसांनी या अर्पणपत्रिकेवर जितका विचार करावयास हवा होता तितका केलेला नाही, असे माझे मत आहे.

आता माझ्या स्वत:च्या घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने आपले घर झाकून ठेवू नये.

माझे चुलते, ज्यांना आम्ही सर्व तात्या म्हणत असू, सातारा जिल्ह्यातून कोवळ्या वयात मुंबईस आले. महापालिकेच्या सफाई खात्यात त्यांनी सगळी हयात काढली. घाटकोपरला त्यांची खोली होती. त्या खोलीत एकेकाळी आम्ही पाच पुतणे, ते, काकी आणि त्यांची तीन मुले राहत होतो. थोरले दोघे रात्री बाहेर गल्लीत बाज टाकून झोपत. माझ्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही तात्यांची आहे. सही म्हणजे काय, चौथी शिकलेल्या माणसाने सावकाश काढलेली सहा अक्षरे. पगाराच्या दिवशी ते कधी कधी उशिरा, झोकांड्या खात घरी येत. पाचवे शील त्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत साधले नाही, आणि ते ही गोष्ट स्वत:च विहारात उभे राहून सांगत.

तात्या गेले, त्याच्या चौथ्या दिवशी खोली आवरताना त्यांची पत्र्याची पेटी दारात ठेवली गेली. माझ्या चुलतभावाने भंगारवाल्यास हाकही मारली होती. "जुने कागद आहेत, दुसरे काय असणार?" असे तो म्हणाला, आणि मीही मान हलवली. काकींनी पेटीवर हात ठेवला म्हणून ती राहिली.

पेटीत काय निघाले, ते क्रमाने सांगतो. वर प्लॅस्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, फोटोपास आणि विजेची जुनी बिले. त्याखाली गावच्या शाळेचा दाखला, घडीवर फाटलेला, त्यावर जातीच्या रकान्यात 'हिंदू महार'. त्याखाली ७ डिसेंबर १९५६ ची गोष्ट सांगणारा एक कागद : त्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या देहास अग्नी देण्यात आला आणि भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तेथेच जमलेल्या अफाट जनसमुदायास दीक्षा दिली. त्या समुदायात तात्या होते, वय अठरा. वहीच्या अर्ध्या पानावर त्यांनी तारीख लिहिली होती, आणि तिच्याखाली तीन वेळा 'बुद्धं सरणं गच्छामि', प्रत्येक वेळी वेगळ्या शुद्धलेखनात. आणि सर्वांत तळाशी, जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला खंडोबाचा टाक.

पेटीभोवती बसलेले आम्ही सारे गप्प झालो. चुलतभावाने तो टाक मुठीत लपवला; विहारातले लोक काय म्हणतील, ही त्याची भीती. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एक टाक कोठेतरी आहे, किंवा होता. तात्यांनी तो कधी पुजला नाही, हे काकींनी शपथेवर सांगितले. त्यांच्या आईने मरताना तो त्यांच्या हाती दिला होता. देव म्हणून नव्हे, आईची वस्तू म्हणून तो साठ वर्षे पेटीच्या तळाशी राहिला. ज्यांनी आपले देव १९५६ साली नदीत टाकले त्यांचे धैर्य मोठे; पण ज्याने आईचा हात आठवून टाक ठेवला आणि तरी एकदाही त्याच्यापुढे हात जोडले नाहीत, त्याचा संयम मला कमी वाटत नाही. हे मत काहींस पटणार नाही. न पटो. परंतु तात्यांचे चरित्र लिहावयाचे तर टाक वगळून लिहिता येणार नाही, आणि पगाराची ती रात्रही वगळता येणार नाही. गेलेल्यास निष्कलंक करून टाकणे, हा पिंडाचाच दुसरा प्रकार आहे : आपणच भात मळायचा, आपणच त्याला आकार द्यायचा.

आता त्या शाळेच्या दाखल्याविषयी चार शब्द, कारण येथे स्मरणाचा प्रश्न हक्काचा प्रश्न होतो. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश आरंभी फक्त हिंदूंस लागू होता. १९५६ साली शिखांस आणि १९९० साली, पुष्कळ झगड्यानंतर, बौद्धांस तो लागू झाला. आज आपल्या मुलामुलींस महाविद्यालयात राखीव जागा मिळवावयाची, तर जातीचा दाखला व त्याची पडताळणी लागते; आणि पडताळणी समितीपुढे पित्याकडील रक्तनात्यातील माणसांचे जुने कागद हा मोठा पुरावा असतो. आजोबा शाळेत गेले नव्हते. वडील गेले असतील नसतील. बहुतेक घरांत पहिला दाखला निघतो तो चुलत्याचा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून कुटुंब याच राज्यातले, हे दाखवावयासही तोच कामी येतो. ज्या शब्दाच्या जाचातून सुटण्यासाठी तात्यांनी धर्म बदलला, तोच शब्द लिहिलेला कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवला होता. आणि माझ्या मुलीची पडताळणी त्याच कागदावर झाली, ती तात्या हयात असतानाच. त्या वेळी दाखला त्यांनी स्वत: पेटीतून काढून दिला होता आणि काम होताच परत मागून घेतला होता. हे सारे मला ठाऊक असूनही चौथ्या दिवशी मी भंगारवाल्यास मान हलवली. दु:खात माणसाची बुद्धी कशी चालते, त्याचे याहून दुसरे उदाहरण मजजवळ नाही.

म्हणून, घरात मृत्यू झाला असता कागदाच्या एका तुकड्यासही पहिला महिनाभर हात लावू नका. मृत्यूची नोंद मात्र एकवीस दिवसांच्या आत करून घ्या. उशीर झाला की खेटे वाढतात.

आणि काकींविषयी. चुलत्याचे स्मरण करणारे आपण पुतणे चुलतीस कसे वागवतो, हे पाहिल्यावाचून आपल्या स्मरणाची किंमत ठरत नाही. तात्यांच्या देहाजवळ एका वृद्ध बाईने काकींच्या बांगड्या फोडावयास हात पुढे केला. ती बाई वाईट नव्हती. तिच्या स्वत:च्याही तशाच फुटल्या होत्या. आमच्या घरच्या मुलींनी तिचा हात धरला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांस तो कित्ता गिरवण्यास सांगितले. एक साधी ग्रामपंचायत जे करू शकते, ते समता स्वीकारलेले आपले घर ठरावाची वाट न पाहता करू शकत नाही काय?

खोलीचे बोलणेही याच दिवसांत निघते. दहाव्याच्या आत निघते, हे लाजिरवाणे आहे, पण खरे आहे. पुतणे म्हणतात, 'आम्हीही येथेच वाढलो.' वाढलो हे खरे. तो तात्यांचा उपकार, आपला हक्क नव्हे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांसही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर त्या कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे पहिले वारस होत. मुलगी त्यात मुलाइतकीच. पुतण्याचे नाव त्या पहिल्या यादीत नाही. ज्याने आपल्यास दहा बाय दहाच्या खोलीत जागा दिली, त्याच्या बायकोस त्याच खोलीत पाहुणी करून ठेवणारा पुतण्या विहारात कितीही सुंदर भाषण करो, मी ते ऐकावयास बसणार नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. पंगत लहान ठेवली. वाचलेल्या पैशांतून मोठा फोटो करावा, असे काहींचे मत पडले. मी विरोध केला, आणि थोडी बोलाचालीही झाली. अखेर शंभर पानी दोन वह्या आणल्या. चुलतभावाची धाकटी मुलगी, जी दहावीत आहे, ती दर रविवारी काकींजवळ बसते व त्या सांगतील ते लिहिते. पेटीतला प्रत्येक कागद कोणत्या पानावर लागतो, तेही ती टिपते. टाकाचे पान चुलतभावाने प्रथम लिहू दिले नाही. तिसऱ्या रविवारी त्यानेच तो टाक काढून तिच्यापुढे ठेवला.

पहिला रविवार मात्र मी स्वत: हजर होतो. मुलीने मोठ्या उत्साहाने लिहिले होते : 'शुभ्र सदरा घालून तात्या चौपाटीवर गेले आणि त्यांनी दीक्षा घेतली.' तिने ते वाचून दाखवताच काकींनी हात वर केला.

"तो सदरा त्यांचा नव्हता गं. शेजारच्या खोलीतल्या गिरणीवाल्याचा मागून नेला हुता. दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिला. तसंच लिही."

मुलीने 'शुभ्र' या शब्दापुढे काकपद केले आणि वर बारीक अक्षरांत लिहिले : 'उसना'.